गाडीपुढं धोंडाबाई

माझ्या लेकीच्या लग्नात वरल्या आळीची धोंडाबाई पुढच्या रांगेत कशी बसली, असं आजून बायका मला विचारतात. बोलावलं व्हतं का? न्हाई. पत्रिका दिली व्हती का? ती बी न्हाई. सांगते, पर मधीच बोलू नका. मला कुणी तोडून बोललेलं खपत न्हाई.

आधी गाडीचं सांगायला पायजे. आमच्या ह्यांनी, म्हंजी गौतमीच्या बाबांनी, माझ्याबरोबर केला त्याच्यापरीस जास्त संसार त्या गाडीबरोबर केलाय. चौऱ्याऐंशी सालची जर्मन गाडी. भुकूमला एका बंगल्यात आंब्याखाली पडून व्हती आन् तिच्या मागल्या शिटावर कोंबड्या अंडी घालायच्या. ह्यांनी ती मातीमोलानं घेतली. ह्यांचा भाचा प्रदीप, त्याचं भुकूमलाच गॅरेज हाय. सुट्टी आली की मामा-भाचे तिच्या पोटात डोकं घालून बसायचे. मी म्हणायचे, माझ्या गुडघ्याला कधी तेल लावलं न्हाई तुमी, आन् त्या दाराच्या बिजागऱ्यांना लावताय. त्यावर नुसतं हसायचे. आमचं माणूस अबोल, पर एकदा धरलं की सोडायचं नाव न्हाई.

आन् त्यांनी एकच धरलं व्हतं. माझ्या सासऱ्यांचं लगीन झालं तवा त्यांची बैलगाडी वरल्या आळीत आडवली व्हती. नवरा-नवरीला खाली उतरवलं, चपला हातात घ्यायला लावल्या आन् आळी संपंस्तवर चालवलं. आडवणारा व्हता धोंडाबाईचा सासरा, त्याच्याच दारापुढं. ही गोष्ट आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत न्हाई, पर पोराबाळांना सगळ्यांना ठाऊक हाय. गौतमीचं जमलं त्या दिवशी हे एवढंच म्हणले, "पोरगी जाईल ती वरल्या आळीतनं. माझ्या गाडीतनं, बसून."

मी म्हणलं, अवो, आपल्या वस्तीपासनं पौडाच्या रस्त्याला चांगला डांबरी रस्ता हाय, वरल्या आळीतनं वळसा कशाला? पर माझ्या बोलण्याला कोण विचारतंय. आन् खरं सांगू, माझ्या मनात बी तेच व्हतं.

गाडी नवरीवाणी झाली. रंग नवा, गाद्या नव्या, आवाज असा की शेजारी उभं राहिलं तरी कळू नये. एकच गोष्ट जुनी राहिली. इंजनात पेट्रोल फवारणारे चार इंजेक्टर असतात, त्यांना पेट्रोल पोचवणारे चार रबरी पाइप. वीतभर लांबीचे, वरनं कापडाची वीण. प्रदीप म्हणला व्हता, "मामा, हे चारी बदलू. रबर जुनं झालंय, आन् आताचं पेट्रोल जुन्या रबराला खातंय." हे म्हणले, "वरचं कापड बघ कसं शाबूत हाय. कंपनीचं हाय ते. त्याला हात लावायचा न्हाई." मामापुढं भाचा किती बोलणार? पाइप तसेच राहिले.

लगीन महाळुंग्याला, मुलाकडच्यांच्या हॉलमधी. सकाळी विहारात वंदना झाली. गौतमीनं पांढरं पातळ नेसलेलं, केसात मोगरा. इंजिनेर झाली, हिंजवडीला नोकरी करती, पर त्या दिवशी मला ती अंगणवाडीत माझ्याच पदराला धरून येणारी पोरगी दिसत व्हती. गाडीला निशिगंधाच्या माळा. हे चालवायला, शेजारी प्रदीप सुटाबुटात, मागं मी आन् गौतमी. केसं इस्कटतील म्हणून काचा वर. मागं दोन टेंपो भरून आमची वस्ती.

आता वास कुणाला आला कसा न्हाई, हे तुमी विचारणारच. एक तर आत नुसता फुलांचा आन् अत्तराचा घमघमाट. दुसरं, ह्यांचं नाक करोनापासनं गेलेलंच हाय. भाजी करपली तरी छान झाली म्हणतात. आन् प्रदीपला थोडा आला व्हता, पर जुन्या गाडीला येतोच, असं त्याला वाटलं. जुन्या गाडीवाल्यांचं हे असं असतंय.

वरल्या आळीत शिरलो. माझा दीर रवी पोरं घेऊन पुढं गेलेला. त्यानं काय केलं, तर धोंडाबाईच्या दारापुढल्या वळणावर फटाक्याची भलीमोठी माळ आंथरली. दुसरीकडं कुठं न्हाई, बरोब्बर तितंच. आमची गाडी माळेच्या अलीकडं थांबली, इंजन चालू. रवीनं खिशातनं काडेपेटी काढली आन् ह्यांच्याकडं बघून हसला. मला बी हसू आलं.

धोंडाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली व्हती. ऐंशीच्या घरातली बाई, पर कणा ताठ. तिनं मान वर केली. सूप बाजूला ठेवलं. दारातली पाण्यानं भरलेली बादली उचलली आन् सगळीच्या सगळी फटाक्याच्या माळेवर उपडी केली.

 टेंपोतली गाणी बंद पडली. आन् ती बाई ओलं लुगडं सावरत गाडीपुढं येऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून.

"आनंदा, गाडी बंद कर," ती ह्यांना म्हणाली. "पोरीला खाली उतरव."

खाली उतरव. त्याच दारापुढं, तेच बोलणं. ह्यांची मान मला मागनं दिसत व्हती, ती लाल झाली. ह्यांनी जन्मात कुणावर आवाज चढवलेला मी ऐकला न्हाई. त्या वक्ताला बी चढवला न्हाई. काच खाली केली आन् म्हणले, "न्हाई उतरणार." गाडी काही बंद केली न्हाई.

मी मातर उतरले. मला काय गप बसवतंय व्हय? म्हणलं, "धोंडाबाई, तुमच्या सासऱ्यानं एकदा उतरवलं. ते दिवस गेले. आता बाजूला व्हता का, का उचलून ठिवू?"

तिनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई. माझ्या बाजूनं गेली, मागलं दार उघडलं, गौतमीचं मनगट धरलं आन् तिला ओढायला लागली. माझी पोरगी घाबरून आई म्हणली. तेवढ्यात रवी शिव्या देत धावत आला, काडेपेटी हातातच. धोंडाबाईनं दुसऱ्या हातानं त्याच्या हातावर असा फटका मारला की काडेपेटी गटारात.

"मुडद्या, टाक ती काडी," ती म्हणाली. "पेट्रोल गळतंय. माझ्या दारापस्तोर धार लागलीय, दिसत न्हाई का तुमाला?"

प्रदीपनं झटक्यात किल्ली फिरवली, गाडी बंद केली, उडी मारून बॉनेट उघडलं. मी बी बघितलं. चार पाइपातला दुसरा, वरचं कापड तसंच शाबूत, पर त्याच्या खालनं रबर फाटलेलं. इंजन सारं ओलं. आन् हातभर अंतरावर सायलेन्सरचा तापलेला पाइप. गाडीमागं वळून बघितलं, तर आळीच्या तोंडापासनं मातीत काळी ओली रेघ. ती रेघ आमच्या गाडीखाली येत व्हती आन् गाडीपुढं दोन पावलांवर फटाक्याची माळ पडलेली.

प्रदीप नव्या सुटासकट मातीत खाली बसला. रवी गटारातल्या काडेपेटीकडं बघत राहिला.  आन् आमचे हे गाडीतनं उतरले, गौतमीजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आन् तसाच ठेवून उभे राहिले.  माझी पोर आता, ह्या घडीला, जिवंत हाय, एवढंच माझ्या डोक्यात.

धोंडाबाईला मातर फुरसत नव्हती. "बघत काय बसलाय? ढकला गाडी माझ्या अंगणात, सावलीला. त्या रेघंवर माती टाका. बिड्या इझवा सगळ्यांनी." आन् सगळ्यांनी ऐकलं. आमच्या वस्तीच्या पोरांनी तिच्या अंगणात गाडी ढकलली, तिच्या गड्यानं मातीची घमेली आणून टाकली.

टेंपोतनं जाऊ, असं कुणी म्हणालं. मी बी म्हणलं, गौतमी, चल बाई टेंपोत, गाडी ऱ्हाऊ दे. ती म्हणली, "नाही आई. बाबांच्या गाडीतूनच जायचं. आपल्यात मुहूर्त थोडाच असतो चुकायला?" नवऱ्या मुलाला फोन लावला. जावई म्हणले, सावकाश या, जेवण गरम राहतंय.

धोंडाबाईचा नातू साहिल तितंच व्हता. तिशीतला, रानाच्या कडंला त्याच्या भाड्याच्या खोल्या हायेत. तो घरातनं फवारणीचा पाइप घेऊन आला. "प्रदीपदादा, हा लावून बघा. चाळीस किलोचं प्रेशर घेतो." त्याचं चुकलं न्हाई. आमच्याकडं गाय बांधण्यापासनं ते बंब जोडण्यापस्तोर सगळ्याला फवारणीचाच पाइप लागतो. प्रदीप म्हणला, "प्रेशर घेईल रे, पर पेट्रोल न्हाई सोसायचं त्याला. पौडापस्तोर जाऊस्तवर मऊ पडंल." इंजेक्शनच्या गाडीचा पाइप येगळाच असतो म्हणं. तसली गुंडाळी त्याच्या गॅरेजात भिंतीला टांगलेली. साहिलनं फटफटीला टाच मारली आन् भुकूमला गेला.

तवर आमी ओट्यावर बसलो. धोंडाबाईनं चटई टाकली, गौतमीला बसवलं, चहा आणला. कप घरातलेच व्हते, आमच्यासाठी येगळे ठेवलेले न्हाईत. मी बघितलं. बघायची सवय जात न्हाई.

मी म्हणलं, "धोंडाबाई, ओट्यावरनं वरडला असता तरी चाललं असतं. चालू गाडीपुढं आडवं कशाला व्हायचं? ह्यांचा पाय सुटला असता म्हंजी?"

ती चहाकडं बघत व्हती. तिची लेक शुभांगी सासरी ष्टोच्या भडक्यात गेली, हे सगळ्या गावाला ठाऊक हाय. लई वर्सं झाली त्याला. पर तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

"भडका उडायच्या आधी मी तिच्याकडं गेले व्हते," धोंडाबाई म्हणाली. "जवळ घेतलं तर लुगड्याला राकेलचा वास. मी म्हणलं, हे काय गं? म्हणली, ष्टो गळतुया. माझ्याकडं बघत नव्हती. मला कळलं व्हतं, गोजरा. आईला कळत न्हाई व्हय? पर पाव्हण्यांच्या घरात आपण काय बोलायचं, म्हणून गप बसले. एस्टीत बसून माघारी आले. वाटंनं माझ्या नाकात त्योच वास. तवापासनं माझं नाक झोपलेलंच न्हाई."

गौतमीनं कप खाली ठेवला.

"आज हिच्या गाडीचा वास आला," धोंडाबाई म्हणाली, "तवा वरडत बसायचं मला सुचलं न्हाई. वरडलेलं तुमी ऐकलं असतं का?"

न्हाई. नसतं ऐकलं. वरल्या आळीची म्हातारी ओट्यावरनं वरडती म्हणल्यावर रवीनं माळ आणखी लांब केली असती.

आता मी काय तिच्या पाया पडून माफी मागितली, असं समजू नका. ज्या दारात माझ्या सासू-सासऱ्यांना उतरवलं, त्याच दारात तीच बोलणी ऐकून मी भडकले, त्यात माझं काय चुकलं? उद्या तसं झालं तर उद्या बी भडकेन. पर त्या बाईनं माझी लेक मला परत दिली. तिचे उपकार मी मरंस्तवर इसरणार न्हाई. दोन्ही खरं हाय, आन् दोन्ही एकाच पोटात मावतंय. मी तिचा हात हातात घेतला.  आमी दोघी तशाच बसलो.

साहिल पाइप घेऊन आला. तवर इंजन गार झालेलं. प्रदीपनं कोट काढला, धोंडाबाईचं जुनं लुगडं कंबरंला गुंडाळलं आन् कामाला लागला. आधी पेट्रोलचा दाब सोडला, बाहेर आलेलं पेट्रोल फडक्यात टिपून घेतलं. मग फाटलेला पाइप कापून काढला. नुसतं नख लावलं तर आतलं रबर भाजलेल्या वांग्याच्या सालीवाणी सुटलं. प्रदीपनं तो पाइप मामाच्या हातात दिला. 

ह्यांनी तो पाइप उलटापालटा करून बघितला. मग म्हणले, "चारी काढ."

"मामा, बाकीचे तिन्ही कंपनीचे हायेत," प्रदीप म्हणला.

"काढ म्हणलं ना."

चारी काढले. नवा पाइप जुन्याच्या मापानं कापला, एकेक तुकडा टोकाला तेलाचं बोट लावून दाबून बसवला, दोन्ही कडंला क्लिपा. ह्यांनी क्लिपा तळहातावर घेतल्या व्हत्या, प्रदीप मागंल तशी एकेक देत व्हते. आमच्या वस्तीतली निम्मी माणसं आन् वरल्या आळीतली निम्मी, सगळी माना वाकवून बघत व्हती. अर्ध्याच्या वर लोकांना त्यातलं काही कळत नव्हतं, पर सल्ला प्रत्येकाचा व्हता. साहिल म्हणला, क्लिप जरा आवळा. वस्तीतला एक म्हणला, जास्त आवळू नका. आमच्या गावात ह्या दोन्हीकडची माणसं कधी एका कामाला वाकल्याली मी बघितली नव्हती.

प्रदीपनं गाडी चालू न करता आधी नुसता पेट्रोलचा पंप फिरवला. प्रत्येक सांध्यावरनं कोरडं फडकं फिरवलं. फडकं कोरडंच राहिलं. मग गाडी चालू केली, थोडा वेळ तशीच चालू ठेवली, परत फडकं फिरवलं. मग म्हणला, "आजी, आता तुमी बघा."

धोंडाबाई उठली. बॉनेटवर वाकली, डोळे मिटले, नाक ह्या कडंपासनं त्या कडंला नेलं. 

"न्हाई," ती म्हणाली. "आता नुसती फुलं येत्यात."

निघायची येळ झाली. धोंडाबाई आत गेली आन् ताटात नारळ, तांदूळ आन् खण घेऊन उंबऱ्यात आली. तितंच थांबली. म्हणाली, "सून रानात गेलीय. ती असती तर हिची ओटी भरली असती. मला न्हाई भरता येत. आमच्यात बाई विधवा झाली की तिचा हात चालत न्हाई."

मी म्हणलं, "आमच्यात ओटीच न्हाई. सोडली आमी ती. पर आमच्यात बाई विधवा झाली म्हणून मागं बी उभी राहत न्हाई. ताट ठिवा ते आत. लुगडं बदला आन् चला."

"मी कुटं?"

"लग्नाला. गाथा झाल्या की नवरा-नवरीवर फुलं टाकायची असत्यात. तुमी पुढं उभं राहून टाकायची."

ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "गोजरा, साहिलच्या लग्नात बी मी सैपाकघरात व्हते."

"म्हणून तर म्हणते चला."

मागल्या शिटावर माझी जागा व्हती, ती तिला दिली. दार ह्यांनी स्वतः उघडून धरलं आन् म्हणले, "या, बसा." मी टेंपोत रवीजवळ जाऊन बसले. गाडी अंगणातनं निघाली, त्या दारापुढनं गेली, आळी संपंस्तवर गेली, माझी लेक आत बसलेली. टेंपोतनं मला मागल्या काचंतनं दोन डोकी दिसत व्हती, एक मोगऱ्याचं आन् एक पांढरं. मला रडू आवरंना. रवीनं रुमाल दिला.

हॉलमधी भंतेजींनी गाथा म्हटल्या. धोंडाबाई पुढच्या रांगेत, मुठीत फुलं घट्ट धरून. सगळ्यांची टाकून झाली तरी तिची मूठ बंदच. मी कोपर मारलं तवा उघडली. फुलं पार चुरगळली व्हती, पर गौतमीच्या डोक्यावर बरोबर पडली. मग जेवली पोटभर. जिलेबी दोनदा घेतली.

पाठवणीच्या वक्ताला सगळे गौतमीला मिठ्या मारत व्हते. धोंडाबाई गर्दीतनं पुढं आली आन् सकाळी धरलं व्हतं तसंच तिचं मनगट धरलं. सासू शेजारी उभी व्हती, नवरा बी व्हता. ह्या बाईनं कुणाची भीड ठेवली न्हाई.

"पोरी, साहिलचा नंबर घे," ती म्हणाली. "तिकडं कसलाबी वास आला, काही बी खटकलं, तर त्या नंबरावर सांग. आई-बापाला सांगायला जीव धजला न्हाई तरी मला सांग. मी येते. म्हातारी हाय, पर आडवं व्हायला येतंय मला."

सासू भली बाई हाय. ती हसून म्हणाली, "आजी, आमच्याकडे पाइपचा गॅस आहे हो. वासबीस काही येत नाही."

धोंडाबाई हसली न्हाई. गौतमी बी हसली न्हाई. तिनं मैत्रिणीकडनं आपला फोन मागून घेतला, साहिलला नंबर विचारला, सगळ्यांसमोर तो फोनात घातला आन् लगेच लावून बघितला. साहिलच्या खिशात वाजला.

"लागला, आजी," गौतमी म्हणाली.